मोलीची पावडर लॅकरमध्ये कालवून चालेल का? कोरड्या वंगणाबद्दल सविस्तर उत्तर

नाशिकजवळच्या अंबडच्या एका वर्कशॉपमालकाचा प्रश्न आहे. तीन जागी तेल-ग्रीस त्रास देतंय. पहिली जागा ग्राइंडरशेजारच्या फिक्स्चरच्या, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याच्या, गाइड पिनांची. तेल लावलं की एमरीची धूळ चिकटते आणि पिन बुशमध्ये, म्हणजे ती ज्या नळीसारख्या भोकात सरकते त्यात, अडकते. दुसरी जागा पावडर कोटिंगच्या ओव्हनमधल्या ट्रॉलीची. चाकांचं ग्रीस वितळून जळतं. तिसरी जागा दिंडोरीकडच्या वायनऱ्यांना जाणाऱ्या स्टेनलेसच्या फ्रेमची. नट अर्ध्यात पकडतो आणि बोल्ट कापावा लागतो. त्यांनी मोलीची म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पावडर मागवली आहे. ती क्लिअर लॅकरमध्ये कालवून ब्रशने तिन्हीकडे मारली तर चालेल का, असं ते विचारतात.

लॅकरमध्ये कालवून तिन्हीपैकी कुठेच नको. नुसती पावडर घासून लावायची असेल तर पिनांवर चालेल. ओव्हन आणि वायनरीचा मार्ग वेगळा आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग बाकीचं आपोआप समजेल. तेल संपलं तर बाजूचं तेल वाहत येतं. कोरडं वंगण जिथून गेलं तिथून गेलंच. ते परत येत नाही. म्हणून कोरडी फिल्म हा झिजणारा पार्ट समजायचा. ब्रेक लायनिंगसारखं तिचं आयुष्य ठरलेलं असतं, आणि ते आयुष्य डब्यातल्या मालापेक्षा खालच्या पृष्ठभागावर अवलंबून असतं. कोटिंगवाल्याचं बिल जास्त वाटतं तेव्हा लक्षात ठेवा, त्यातले बहुतेक पैसे फवाऱ्याचे नसून फवाऱ्याआधीच्या साफसफाईचे असतात.

मोली निसरडी का? तिचे अणू थरांत बसलेले असतात. मध्ये मॉलिब्डेनम, वर-खाली गंधक. थराच्या आतला बंध घट्ट, पण गंधकाच्या एका थराचा शेजारच्या गंधकाच्या थराशी संबंध अगदी सैल. बाजूने जोर आला की थर एकमेकांवरून सरकतात. ग्राफाइटची रचनाही थरांचीच, पण त्याला निसरडं राहायला हवेतली थोडी वाफ लागते. निर्वात जागेत ग्राफाइट उलट झिजवतं. मोलीचं याच्या विरुद्ध. कोरड्या हवेत आणि निर्वातात ती उत्तम चालते, दमट हवेत तिचं घर्षण वाढतं. टेफ्लॉनची गोष्ट तिसरीच. ते मऊ प्लास्टिक आहे, त्याच्या लांब साखळ्या समोरच्या धातूवर पातळ पापुद्रा सोडतात. ड्युपाँटमध्ये रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये ते अपघाताने सापडलं, तेव्हा ते शीतकरणाच्या वायूवर काम करत होते. शिसंसुद्धा चांगलं कोरडं वंगण आहे, उपग्रहांच्या बेअरिंगमध्ये शिशाचा अतिपातळ थर वापरतात. पण ते वर्कशॉपमध्ये आणू नका. शिशाची धूळ आणि वाफ शरीरात साठते, आणि कामाचे कपडे घरी धुवायला गेले की ती लेकरांपर्यंत पोचते.

आता लॅकर. बाजारातल्या चांगल्या ड्राय फिल्ममध्ये, म्हणजे कोरड्या वंगणाच्या तयार लेपातही, रेझिन (दाणे धरून ठेवणारा चिकट पदार्थ) असतंच. मग आपण कालवलेलं का चालू नये? एक तर प्रमाण. रंगात रेझिन जास्त आणि पावडर कमी, म्हणून तो चकाकतो आणि सलग राहतो. ड्राय फिल्ममध्ये पावडर इतकी ठासून भरलेली असते की रेझिन दाण्यांना जेमतेम धरून ठेवतं. तुम्ही कालवलेल्या मिश्रणात पावडर सहसा कमी पडते, मग पिन मोलीवर न सरकता लॅकरवर घासते. दुसरं, मोलीची घनता पाण्याच्या पाचपट-पावणेपाचपट, लॅकर पाण्याच्या आसपास. ब्रश बुडवेपर्यंत मोली तळाला बसलेली असते. पहिल्या पिनेला पातळ पाणी, शेवटच्या पिनेला गाळ. कंपन्या हे टाळण्यासाठी दाणा मायक्रॉनमध्ये दळतात आणि गाळ बसू न देणारी द्रव्यं घालतात. आणि तिसरं, क्लिअर लॅकर म्हणजे बहुतेक वेळा नायट्रोसेल्युलोज. ते लाकडावर छान दिसतं, पण सरकत्या पिनेच्या दाबाखाली मऊ पडून सोलतं, आणि सुटलेला पापुद्रा बुशमध्ये गोळा होतो. आता जेवढं अडकतंय त्याहून जास्त अडकेल. ड्राय फिल्ममध्ये फेनॉलिक, इपॉक्सी किंवा पॉलिअमाइड-इमाइड रेझिन असतं. त्यातलं बरंचसं भट्टीत तापवून पक्कं करावं लागतं.

मागवलेली पावडर मात्र वाया घालवू नका. पिना केरोसीनने नव्हे, अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. केरोसीन आणि बाजारी थिनर वाळल्यावर अंश सोडतात, तो बोटाला लागत नाही पण कोटिंगला कळतो. धुतल्यावर पिनेवर स्वच्छ पाणी सोडा. पाण्याचा सलग पडदा राहिला तर पिन साफ. थेंब थेंब वेगळे झाले तर अजून तेल आहे, परत धुवा. यानंतर उघड्या हाताने धरायचं नाही, हाताचं तेल आणि घाम पुरेसा असतो. मग पिन लेथच्या चकात हळू फिरवा, जुन्या सुती कापडाला चिमूटभर मोली लावा आणि दाबून घासा. लेथवर हात जपून, कापडाचं टोक गुंडाळलं जाता कामा नये, त्यापेक्षा कापड लाकडी पट्टीवर ताणून वापरा. पृष्ठभाग करडा आणि चकचकीत झाला की थांबा. जास्त पावडरने जास्त फायदा नाही, उरलेली झटकून टाका. छोटे पार्ट असतील तर बंद डब्यात मोली आणि स्टीलच्या छोट्या गोळ्यांबरोबर फिरवले तरी तेच काम होतं.

अशी घासून बसवलेली फिल्म एखाद-दोन मायक्रॉनचीही नसते, त्यामुळे मापाची चिंता नाही. पण तिचं आयुष्यही थोडंच. आठवड्याला घासायची तयारी असेल तर फुकटात काम भागतं. तुमच्यासारख्या छोट्या शॉपला हा रस्ता मी आधी सुचवीन. बाहेर कोटिंगला पाठवायचं ते हे करून पाहिल्यावर.

बाहेरून फवारलेली फिल्म लावायची ठरवली तर पहिला प्रश्न मापाचा. समजा पिन २० मिमीची, बुश एच७, पिन जी६ (माप किती कमी-जास्त चालेल ते सांगणारे हे ठरलेले वर्ग). म्हणजे बुश २०.००० ते २०.०२१, पिन १९.९८० ते १९.९९३. दोघांमधली मोकळीक ७ ते ४१ मायक्रॉन. कोटिंग साधारण १० मायक्रॉन जाडीचं, पण ते पिनेच्या दोन्ही बाजूंना चढतं. व्यास २० मायक्रॉनने वाढला. वरच्या मापाची पिन खालच्या मापाच्या बुशमध्ये आता जाणारच नाही. म्हणून पिन आधीच २० मायक्रॉन बारीक ग्राइंड करायची, आणि ते ड्रॉइंगवर लिहायचं: हे माप कोटिंगआधीचं, हे नंतरचं. कोटिंगवाल्याकडे माल देताना यावर वाद होतात, आणि दोष बहुधा ड्रॉइंगचा असतो, ज्याच्यावर एकच माप लिहिलेलं असतं.

दुसरा प्रश्न पृष्ठभागाचा. आरशासारखी ग्राइंड केलेली पिन कोटिंगला आवडत नाही, फिल्मला धरायला जागाच मिळत नाही. बारीक अॅल्युमिना दाण्याने हलकं ब्लास्टिंग करतात किंवा मँगनीज फॉस्फेटिंग करतात. फॉस्फेटचे स्फटिक मोलीला कप्प्यांत धरून ठेवतात, आणि खाली गंजालाही थोडा अडसर होतो. स्टीलवर फॉस्फेट आणि वर मोली ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. मात्र फॉस्फेटही काही मायक्रॉन घेतं, ते वरच्या हिशेबात धरा. स्टेनलेसवर हे फॉस्फेट बसत नाही, तिथे ब्लास्टिंगच.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि पिन मऊ झाल्यावर आठवतो: भट्टीचं तापमान. तुमच्या पिना ईएन३१ या बेअरिंग स्टीलच्या असोत की केस हार्डन (फक्त वरचा थर कडक) केलेल्या, टेम्परिंग, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला परत तापवणं, बहुधा १५० ते २०० अंशांवर झालेलं असतं. फिल्म २०० किंवा त्याहून वर पक्की करायची असेल तर पिनेचा कडकपणा कमी होणार. हीट ट्रीटमेंटवाल्याला टेम्परिंगचा आकडा विचारा आणि कोटिंगवाल्याला तो द्या. त्याखाली पक्की होणारी किंवा हवेत वाळणारी फिल्म मिळते. ती थोडी कमी टिकते, पण पिन तरी टिकते.

जाड थर मागू नका. आपल्याकडे "दोन हात जास्त मारा" म्हणायची सवय आहे. रंगाला ते ठीक. ड्राय फिल्म जाड झाली की आतून कमकुवत होते आणि पापुद्र्याने निघते. ५ ते १५ मायक्रॉन पुरे. आणि कोटिंग केलेल्या पिनेवर "थोडंसं तेलही असू द्या" म्हणून कुणी तेल सोडलं तर त्याला अडवा. तेल फिल्मला मऊ करतं, समोरच्या बुशवर बसलेला मोलीचा पापुद्रा धुऊन काढतं, आणि तुमची मूळ तक्रार, म्हणजे धूळ, ती परत येते. एक तर कोरडं, नाही तर तेलाचं. शॉपवर हे पाटीवर लिहून लावा, कारण रात्रपाळीचा माणूस तेलाची कुपी घेऊन येतोच.

फिल्म संपते म्हणजे काय होतं, याचं फार मोठं उदाहरण अवकाशातलं आहे. नासाचं गॅलिलिओ यान १८ ऑक्टोबर १९८९ रोजी गुरूकडे निघालं. त्याचा मोठा अँटेना छत्रीसारखा मिटलेला होता, १८ काड्यांचा. ११ एप्रिल १९९१ रोजी तो उघडायचा प्रयत्न झाला, पण काही काड्या मधल्या खांबाला चिकटून राहिल्या आणि अँटेना पूर्ण उघडलाच नाही. तपासात सर्वांत संभाव्य कारण निघालं ते असं: काड्यांच्या पिनांवरची कोरडी फिल्म झिजली होती, आणि ती झीज बरीचशी जमिनीवरच झाली होती. चॅलेंजर या अंतराळ शटलच्या अपघातानंतर उड्डाण लांबलं, यान कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडादरम्यान ट्रकने फिरलं, त्या हादऱ्यांत पिना जागच्या जागी घासत राहिल्या. निर्वातात उघड्या धातूला धातू चिकटला. मोहीम छोट्या अँटेनावर निभावली, पण माहिती पाठवण्याचा वेग खूपच कमी झाला. तुमच्या फिक्स्चरलाही हे लागू आहे. पिन दिवसभरात किती वेळा आत-बाहेर होते ते मोजता, पण शेजारच्या ग्राइंडरच्या थरथरीने ती जागेवर किती घासते ते कुणी मोजत नाही. फिक्स्चर थरथरत्या मशीनवर कायम बसलेलं असेल तर फिल्म लवकर जाईल असं धरून चाला. जास्तीच्या पिनांचा एक संच कोटिंग करून तयार ठेवा.

नाशिकच्या पावसाळ्याबद्दल दोन वाक्यं लिहिलीच पाहिजेत. जून ते सप्टेंबर शेडमध्ये दमटपणा असतो, आणि दमट हवेत मोलीचं हळूहळू ऑक्सिडेशन होऊन आम्ल तयार होतं, जे खालच्या स्टीलला गंजवतं. मशीन चालू असताना हे फारसं जाणवत नाही. दिवाळीच्या किंवा ऑर्डर नसल्याच्या सुट्टीत पिन बुशमध्ये तशीच राहिली की करड्या फिल्मखालून तांबूस डाग दिसू लागतात. सुट्टीआधी पिना काढून कोरड्या डब्यात ठेवा. नुसती घासलेली मोली असेल तर पावसाळ्यात तिच्यावर विसंबू नका, फॉस्फेट असलेली फिल्म घ्या. ग्राफाइटचा त्रास वेगळ्या बाजूने होतो. ते वीज वाहतं, आणि ओल असेल तर स्टील किंवा अॅल्युमिनिअमला लागून बॅटरीसारखं काम करतं, धातू खड्डे पडत खाल्ला जातो. म्हणून अॅल्युमिनिअमच्या फिक्स्चरवर ग्राफाइट नको. आणि आपल्या सातपूर-अंबडमध्ये स्विचगियर आणि पॅनेलची कामं भरपूर आहेत. अशा शेडमध्ये ग्राफाइटची पावडर उडवायची नाही, ती पॅनेलमध्ये शिरली तर शॉर्ट करेल.

आता ओव्हन. इथे तुमच्या तिन्ही प्रश्नांत सगळ्यांत जास्त नुकसान लपलेलं आहे. पावडर कोटिंगचा ओव्हन १८० ते २०० अंशांवर चालतो. साधं लिथियम ग्रीस १२०-१३० च्या पुढे नियमित कामाला नसतं. त्यातलं तेल आधी पातळ होतं, मग जळून कडक काळं होतं, आणि चाक जाम. तेलाचा थेंब किंवा वाफ जॉबवर बसली तर कोटिंगला खड्डे पडतात, ज्याला कोटर लोक फिश-आय म्हणतात. तुमचे रिजेक्शन कशामुळे वाढले हे शोधताना चाकांकडे कुणी पाहत नाही.

म्हणूनच इथे बाजारातले स्प्रे कॅन आणू नका. टेफ्लॉन स्प्रे म्हणून जे मिळतात त्यांतल्या अनेकांत सिलिकॉन तेल असतं, आणि सिलिकॉन हा रंगकामाचा वैरी आहे. हवेतून थोडंसं जरी बसलं तरी खड्डेच खड्डे, आणि ते धुवूनही सहजासहजी जात नाही. पावडर कोटिंगच्या शेडमध्ये सिलिकॉनवर बंदीच हवी.

चाकाच्या साध्या बेअरिंगचं ग्रीस धुऊन आत ग्राफाइट भरायचं, ही कल्पना तुमच्या मनात येईल. थोडे दिवस चालते. मग सुटी पावडर गोळ्यांच्या वाटेत दाबून बसते आणि चाक अडतं. त्यात साध्या बेअरिंगमध्ये केज, म्हणजे गोळ्यांना अंतरावर धरणारी चौकट, प्लास्टिकचा असेल तर तो या तापमानाला टिकतच नाही. ट्रॉलीचा वेग माणसाच्या चालीइतका आहे, म्हणून बेअरिंगचा हट्ट सोडा. ब्राँझचा बुश घ्या ज्यात ग्राफाइटचे प्लग बसवलेले असतात. पिन फिरते तसं ग्राफाइट थोडं थोडं तिच्यावर लागत जातं. तापमान याला अडचणीचं नाही, आणि गळायला आत काही नाही. बुश आणि पिनेत मोकळीक नेहमीपेक्षा जास्त ठेवा, कारण गरम झाल्यावर ब्राँझ स्टीलपेक्षा जास्त फुगतं, आणि चाकात दाबून बसवलेला बुश आतल्या बाजूलाच फुगू शकतो. बेअरिंगच हवं असेल तर भट्टीच्या गाड्यांसाठीची ग्राफाइट केजची, वाढीव मोकळिकीची बेअरिंगं वेगळी मिळतात. महाग आहेत. बुश करून पाहा आधी.

वायनरीच्या बोल्टला मोली नको, ग्राफाइटही नको. काळं वंगण खाद्यपेयाच्या यंत्रावर तपासणीला येणारा माणूस चालवून घेणार नाही, आणि बरोबरच आहे. तिथे एच१ नोंदणीची पांढरी पेस्ट लागते, खाद्याशी चुकून संपर्क आला तरी चालेल अशा प्रकारची. तिच्यात टेफ्लॉन किंवा बोरॉन नायट्राइड असतं. डब्यावर "फूड ग्रेड" एवढं छापलेलं पुरत नाही, नोंदणीचा कागद मागा आणि ग्राहकाच्या फाइलला लावा.

स्टेनलेसचा नट पकडतो याचं कारण घाण नव्हे. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, आट्यांवर दाब आला की तो फाटतो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि तिथल्या तिथे वेल्ड झाल्यासारखा जुळतो. इम्पॅक्ट गनने हे हमखास होतं, कारण वेग आणि उष्णता दोन्ही मिळतात. पेस्ट लावा, हाताने हळू आवळा, आणि शक्य असेल तर बोल्ट आणि नट स्टेनलेसच्या वेगळ्या ग्रेडचे घ्या, ए२ बोल्टला ए४ नट. मशीनने बोल्ट कापण्यातला निम्मा वेळ नुसती गन बाजूला ठेवल्याने वाचेल.

वंगण लावलं की टॉर्क तोच ठेवायचा नाही, हे मात्र ठळक अक्षरांत वाचा. स्टेनलेस नसलेल्या स्टीलच्या एम१२ (१२ मिमी व्यासाच्या), ८.८ ग्रेडच्या बोल्टचं उदाहरण घेऊ. टॉर्क म्हणजे घर्षणाचा गुणक गुणिले व्यास गुणिले ताण. कोरड्या बोल्टचा गुणक ०.२ धरला तर ८० न्यूटन-मीटरला ताण येतो ८० भागिले ०.२ भागिले ०.०१२, म्हणजे सुमारे ३३ किलोन्यूटन. ठीक आहे. आता मोली पेस्ट लावली, गुणक ०.१२ झाला. त्याच ८० ला ताण सुमारे ५६ किलोन्यूटन. या बोल्टचा प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न ताणता तो सोसेल तेवढा ताण, सुमारे ४९ आहे. बोल्ट ताणला गेला, आणि रेंच तर "क्लिक" म्हणाला. ४९ च्या खाली मोकळीक ठेवून तोच ३३ हवा असेल तर टॉर्क ४८ पुरतो. पेस्टच्या डेटाशीटवर तिचा गुणक दिलेला असतो, तो घेऊन नवा तक्ता करा आणि रेंचजवळ चिकटवा. स्टेनलेसचे आकडे वेगळे, पण हिशेब हाच.

पावडर हाताळताना मास्क हवाच, मोली असो की ग्राफाइट. टेफ्लॉनच्या पावडरच्या बाबतीत आणखी एक. हाताला लागलेली पावडर बिडी-सिगारेटवर गेली की ती जळते आणि तिची वाफ ओढली जाते. काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी सुरू होते. मलेरिया समजून रक्त तपासलं जातं आणि काही सापडत नाही. टेफ्लॉन लावलेला जुना पार्ट गॅस टॉर्चने तापवून काढण्याची सवयही शॉपमध्ये असते, ती बंद करा.

पहिलं काम पिनांचं घ्या. पिनेचं मटेरियल, टेम्परिंगचं तापमान, बुशचं मोजलेलं माप आणि दिवसाला किती वेळा आत-बाहेर होते, एवढं लिहून ठेवा. कोटिंगवाला हे चार आकडे न विचारता दर सांगत असेल तर दुसऱ्याकडे जा.